ज्या रस्त्यानं मोटार जात नव्हती

सर्व संबंधितांना, म्हणजे ज्यांच्याखाली सायकल आहे किंवा कधीकाळी होती अशा तमाम जनतेला, याद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अणदूरच्या पलीकडं, बालाघाटाच्या शेवटच्या डोंगरावरून कर्नाटकाच्या हद्दीकडं उतरणारा एक रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून मोटार, ट्रक, जीप किंवा एसटी यांपैकी काहीही, कधीही गेलेलं नाही. कुणाची हरकत असल्यास त्यांनी पुढं यावं. कुणी येणार नाही, माझी खात्री आहे. त्या रस्त्यानं गेलेल्यांपैकी एक मी आणि दुसरे माझे वडील, आणि आम्ही दोघंही त्या दिवशी हरकत घेण्याच्या अवस्थेत नव्हतो.

रस्ता बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा माणसांच्या हाताला काम हवं होतं, रस्त्याला गाव असलंच पाहिजे असा कुणाचा आग्रह नव्हता. बायामाणसांनी डोंगर फोडला, खडी फोडली, मुरूम टाकला. पुढं पाऊस पडला, लोक आपापल्या रानात गेले आणि रस्ता तिथंच राहिला. ओढ्यांवर मोऱ्या बांधायच्या राहिल्या, दरीच्या बाजूला कठडा राहिला, डांबराचं तर कुणी स्वप्नही पाहिलं नव्हतं. ट्रकवाला पहिल्या ओढ्यापर्यंत यायचा, खाली बघायचा आणि शिव्या देत मागं फिरायचा. सायकल मात्र खांद्यावर घेता येते. हा त्या वाहनाचा फार मोठा गुण आहे.

मला तो रस्ता हवा होता, कारण मला नोकरी हवी होती. डोंगराच्या पलीकडं, हद्दीला लागून असलेल्या तीन गावांत बायकांनी दुधाच्या सोसायट्या काढल्या होत्या. त्यांच्याकडं रोज जाऊन दूध तपासायला आणि कारभार बघायला दूध संघाला एक सायकल चालवणारी, शिकलेली मुलगी पाहिजे होती. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली आणि सायकलवर बसणारी मुलगी एकच, आणि तिला दुसऱ्या कुणी नेमण्याआधी स्वतःच स्वतःला नेमून टाकायची घाई झालेली.

आडवे आले अप्पा. माझे वडील कोर्टात बेलीफ होते. गावोगाव समन्स घेऊन त्यांची जन्मभर सायकलवर फेरी, त्यामुळं सायकलीला त्यांचा विरोध असायचं कारण नव्हतं. विरोध होता ट्रकला. अणदूरवरून सोलापूर-हैदराबादचा मोठा रस्ता जातो आणि त्यावर रोज काय काय चिरडलं जातं ते अप्पांना कोर्टात थेट कळायचं. रात्री जेवताना ते आम्हाला सगळं सांगायचे. कुठल्या चाकाखाली काय गेलं, पंचांनी काय पाहिलं. आई भाकरी थापता थापता थांबायची. शेवटी त्यांचा हुकूम ठरलेला, की जिथं मोटार जाते तिथं माझी पोरगी जाणार नाही.

म्हणून मी मोटार न जाणारी वाट शोधली. शेरडं वळणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारत, लाकडं आणणाऱ्या बायांना विचारत शोधली आणि अप्पांपुढं मांडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, एकदा मी स्वतः तुझ्या मागं येणार. मला काही खटकलं, किंवा तू कुठं दचकलेली दिसलीस, तर ह्या नोकरीचा विषय घरात पुन्हा निघणार नाही.

झालं. म्हणजे त्या दिवशी मला काहीही झालं तरी चालणार होतं, फक्त भीती वाटून चालणार नव्हतं.

आम्ही निघालो ते थंडीचे दिवस. अंधार फिटत होता आणि डोंगरावर धुकं. मी पुढं, पदर कमरेला खोचलेला, खाली सेकंडहँड लेडीज सायकल. तिचा पुढचा ब्रेक बरा होता, मागचा त्याच्या मनात आलं तर लागायचा. हे अप्पांना माहीत नव्हतं. मागं अप्पा, डोक्याला टोपी, मिशीला तेल, आपल्या काळ्या घोड्यावर ताठ बसलेले. पहिल्या ओढ्यावर आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या. तिथून पुढं एकदम शांत. किती शांत, तर माझ्याच साखळीचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला. मोटारीचा आवाज नसणं म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. सवय नसलेल्या कानाला ते फार वाईट असतं. मधूनच एखादा तितर झुडपातून उडायचा आणि माझं काळीज त्याच्याबरोबर थोडं लांब जाऊन परत यायचं. पण पाठ ताठ. मागून बघणाऱ्याला पाठच दिसते, एवढं मला कळत होतं.

डोंगर चढून थोडं सपाटीला आलो आणि मला ती माणसं दिसली.

रस्त्याच्या डाव्या अंगाला, खाली, धुक्यात, माणसं बसली होती. पुष्कळ. ओळीनं. अंगावर काहीतरी मळकं पांघरलेलं, डोक्यावरचे केस विस्कटलेले. कुणी खोकत नव्हतं, कुणी विडी ओढत नव्हतं, कुणी हलतही नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की एवढी माणसं एवढ्या पहाटे न बोलता बसली आहेत म्हणजे ती जिवंत नाहीत. दुसरा विचार आला की मी ओरडले तर नोकरी गेली. दुसरा विचार पहिल्यापेक्षा मोठा निघाला. मी पायडल मारत राहिले.

पण इतक्या लोकांसमोरून मुकाट्यानं जायचं, हे आमच्याकडं बरं दिसत नाही. मी मान खाली घालून म्हटलं, जय भीम. उत्तर नाही. मग वाटलं, मंडळी आपल्यातली नसतील, म्हणून म्हटलं, राम राम. तरीही नाही. मग आठवलं की हद्द जवळ आली आहे, इकडं महादेवाला मानणारी, घरात कानडी बोलणारी माणसं फार, म्हणून जेवढा उरला होता तेवढा सगळा जीव गोळा करून म्हटलं, शरणु. धुक्यानं तोही नमस्कार ठेवून घेतला. आणि तेवढ्यात माझ्या मागं अप्पांची घंटी वाजायला लागली. एकदा वाजवून थांबली नाही, सलग वाजत राहिली, कोर्टात कुणाचं तरी नाव पुकारावं तशी. मला वाटलं, अप्पा मला वाटेतून बाजूला हो म्हणतायत. आता ह्या बसलेल्या मंडळींच्या अंगावर जाऊ की काय, मला सुचेना.

ऊन वर आलं तसं धुकं पातळ झालं आणि ती माणसं माती झाली. तिथं आदल्या उन्हाळ्यात पाझर तलावाचं काम निघालं होतं. किती माती उपसली याचं माप घेता यावं म्हणून मजूर खड्ड्यात मधेमधे मातीचे खांब न खणता तसेच सोडतात. खांब जेवढा उंच, तेवढी खोदाई. वर मूळच्या जमिनीवरचं गवत तसंच राहतं. वाळलं की अगदी न विंचरलेलं डोकं.

पुढच्या ओढ्यावर अप्पांनी मला गाठलं. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, की ते खांब आहेत हे त्यांनी लांबूनच ओळखलं होतं, घंटी गंजली होती म्हणून जरा चालू करून बघत होते. त्यांच्या मिशीवरचं तेल मात्र घामानं ओघळलं होतं, आणि दिवस थंडीचे होते. मीही सांगितलं, मला ते लगेच कळलं. आम्ही दोघंही एकमेकांवर विश्वास ठेवल्यासारखं करून ओढा ओलांडला.

मग उतार आला.

तो उतार मी आधी खालून पाहिला होता, वरून कधीच नाही. उजवीकडं डोंगराची उभी भिंत, डावीकडं काहीच नाही. काहीच नाही म्हणजे खूप खाली बाभळी, त्यांच्या पलीकडं कर्नाटकातली काळी रानं, आणि मधल्या सगळ्या जागेत वारा. जिथं कठडा हवा होता तिथं गवताची चार पाती हलत होती.  मी मनात म्हटलं, आता पाठ ताठ ठेवली की झालं, आणि सायकल सोडली.

मागच्या ब्रेकच्या मनात नेमकं तेव्हाच आलं नाही. पुढचा दाबला की चाक थरथरायचं, सोडला की डोंगर मला खाली ओढायचा. मी दोन्ही चपला जमिनीवर घासल्या. एक गेली. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्याचं असावं अशी माझी इच्छा होती. वळणावर दुष्काळातल्या खडीचा एक ढीग कुणी न मोजता तसाच पडला होता. मी नीट ठरवून त्या ढिगात घुसले आणि थांबले. कोपर सोललं, बाकी सगळं शाबूत. एवढं घाबरल्यावर माणूस वेड्यासारखा आनंदी होतो. मी हसत मागं वळले, अप्पांना दाखवायला, की बघा, आले मी.

मागं कुणी नव्हतं.

त्या दिवसातली खरी भीती ती. आधीच्या सगळ्या तिच्या पायाशी. मी दरीकडं बघितलं नाही, बघवलं नाही. सायकल तिथंच टाकून एका चपलेनं वर पळाले. वळणापासून वरपर्यंत ‘अप्पा, अप्पा’ एवढंच म्हणत होते, आणि आवाज बाहेर येत होता की नाही, कोण जाणे.

अप्पा उताराच्या तोंडाशीच होते. रस्त्यात खाली बसलेले, पाठ डोंगराच्या भिंतीला घट्ट लावलेली, दोन्ही मुठींत गवत धरलेलं. टोपी पडली होती. काळी सायकल मधे आडवी. सगळ्या जिल्ह्यात समन्स घेऊन हिंडलेला माणूस, ज्याच्या हातात कागद दिसला की पाटलांच्या वाड्यातसुद्धा बोलणं थांबायचं, तो दरीकडं न बघता समोरच्या एका दगडाकडं बघत होता. जन्म सपाट रस्त्यावर गेलेला. उंचावरून खाली बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मी शेजारी बसले.  चढून मागं जायचं तरी ह्याच कडेनं, उतरायचं तरी ह्याच कडेनं. मला दिसत होतं, आता मागं फिरलो तर नोकरीवर कायमची माती पडली. पण त्यांचे हात बघून मीच विचारलं, अप्पा, घरी जायचं का.  मग गवत न सोडता, माझ्याकडं न बघता, त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं:

“तुला तर रोजच जायचंय ह्या वाटनं, मग आज मला बी ने की संगं, डोळे मिटून बसतो म्या मागं.”