काट्यावर न दिसणारे चार किलो

ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या त्या गृहस्थांना ड्रायव्हर मंडळी ‘दीडशे’ म्हणत. नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलं नव्हतं. घरच्या वजनकाट्यानं जीव सोडल्यावर ते एकदा ट्रकच्या काट्यावर जाऊन उभे राहिले आणि काट्याच्या केबिनमधल्या आकड्यांनी दीडशे दाखवलं, एवढंच. हा काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. चाळीस टनांच्या गाडीपुढे पाच-सहा किलोंना विचारतो कोण!

मग दीडशेंनी पंधरा दिवसांची रजा टाकली, मुख्य कचेरीत प्रशिक्षण आहे म्हणून. परतले ते उतरायलाच लागले. एकशे चाळीस, एकशे वीस, शंभर. दीड वर्षात ऐंशी. नाव मात्र दीडशेच राहिलं. लोक विचारत, “केलंत तरी काय?” दीडशे काट्याच्या लांबलचक पत्र्याकडे बोट दाखवत. “तोललेल्या दर गाडीमागे एक फेरी. आणि तोंडाला कुलूप.”

फेऱ्या ते मारत, हे खरं. पण पोटातली अर्धी-अधिक जठराची पिशवी ऑपरेशन करून काढून टाकली होती, हे त्यांच्याखेरीज फक्त डॉक्टरीणबाईंना आणि बायकोला ठाऊक. प्रशिक्षण कसलं, सलाइन लावून पडले होते! थाप होती, पचूनही गेली असती. पण तिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास बसला तो मेहुण्याचा.

बायकोचा हा धाकटा भाऊ खडीचा ट्रक चालवायचा. काट्यावर एकशे तीस. भावोजींचा कित्ता गिरवायचा म्हणून रोज गाडी तोलून झाली की खाली उतरून दहा फेऱ्या मारायचा, भात्यासारखा धापा टाकायचा आणि पत्र्यावर उभा राहून ओरडायचा, “भावोजी, किती?”

“एकशे तीस.”

असं सहा महिने. “माझ्यात जिद्दच नाही हो तुमच्यासारखी,” असं म्हणून तो चढायचा गाडीत. एके दिवशी ते पडलेलं तोंड दीडशेंना बघवेना. सव्वीस वर्षांत ज्यांनी कुणाच्या चहाच्या कपापायी दहा किलो इकडचे तिकडे केले नव्हते, त्यांनी केबिनमधून खुशाल ठोकून दिलं, “एकशे वीस!”

मेहुणा पत्र्यावर नाचला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं एका वेळचं जेवण सोडलं.

“माझ्या भावाला घाण्याला जुंपल्यासारखा फिरवताय,” बायको म्हणाली. “सांगून टाका एकदाचं.”

“सांगतो गं.”

“कधी? तो दिसेनासा झाल्यावर?”

इकडे दीडशेंची वेगळीच पंचाईत झाली होती. सत्तर किलो गेले, पण ते ज्यात मावले होते ते कातडं कुठे जाणार? पोटाचा पडदा मांडीवर उतरला होता. सकाळी तो गोळा करून पट्ट्याखाली कोंबायचा, वरून सैल सदरा. उन्हाळ्यात घडीखालची कातडी सोलवटून निघायची. पावडरचा एक डबा आठवडाभर पुरेना. जिना भरभर उतरले तर पोट एक पायरी मागून यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वजन वर्षभर स्थिर आहे. काढून टाकू. चारेक किलो निघेल. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके, नळ्या लागतील, दीड महिना जड उचलायचं नाही. सोबत धडधाकट माणूस हवा.” दीडशेंनी तारीख घेतली.

बायकोचे गुडघे दुखरे. म्हणून धडधाकट माणूस म्हणून पुढे आला तो मेहुणाच. “चालून चालून कातडी सैल झाली बघा भावोजींची! मी राहतो सोबत. तुम्ही मला वाट दाखवलीत.”

ते ऐकून दीडशे ताटावरून उठले. रात्री बायकोला म्हणाले, “नकोच ते ऑपरेशन. लोंबू दे. शिक्षा समज.”

“शिक्षा तुम्हाला, आणि पावडर मी आणायची? आणि माझा भाऊ उपाशीच ना?”

तारखेला चार दिवस उरले असताना खडीचा ट्रक काट्यावर चढता चढता तिरका झाला आणि कडेच्या लोखंडी खांबाला घासून थांबला. दीडशे पट्टा सावरत धावले. मेहुण्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

“काही नाही, भावोजी. जरा अंधारी आली. कालपासून काकडीच खाल्लीय. म्हटलं, तुम्हाला सोबत यायचं तर एकशे दहा करूनच येऊ.”

दीडशेंनी त्याला केबिनमध्ये आणून बसवलं, स्वतःचा डबा त्याच्यापुढे उघडला आणि दाराला कडी घातली. मग सदऱ्याची बटणं सोडली, पट्टा काढला. कातडी खाली ओघळली. त्यांनी ती दोन्ही हातांनी वर उचलून धरली आणि पोटावरचे पाच बारके डाग दाखवले.

“फेऱ्यांनी नाही झालं. इथून नळ्या घालून पोट कापलंय. प्रशिक्षणाला गेलोच नव्हतो.”

मेहुण्याचा घास हातातच राहिला.

“आणि तुझं ते एकशे वीसही खोटं. काटा एकशे तीसच सांगत होता. दहाच्या आतलं त्याला कळत नाही. थोडं उतरलंही असेल, मला माहीत नाही.”

मेहुण्यानं डबा पार पुसून खाल्ला. मग बाहेर गेला आणि पत्र्यावर उभा राहिला. “किती?”

“एकशे तीस,” दीडशे पुटपुटले.

“ऐकू येईल असं सांगा.”

“एकशे तीस!”

“आता तुम्ही या इथं.” मेहुणा केबिनमध्ये येऊन आकड्यांपुढे बसला. सदरा उघडाच टाकून दीडशे पत्र्यावर उभे राहिले. गाड्यांची रांग लागली होती. एकानं हॉर्न दिला.

“ऐंशी,” मेहुणा म्हणाला. “चार किलो कातडी काढलीत तरी हा ऐंशीच दाखवणार. मग कशाला?”

“खाली जखमा होतात रे. आणि...” दीडशेंनी सदरा पुढे ओढला. “आणि बायकोसमोर दिवा मालवून कपडे बदलतो मी.”

मेहुण्यानं खांबाच्या खरवडलेल्या रंगाकडे पाहिलं. “माझ्या ताईला सगळं ठाऊक होतं?”

“ती रोज सांग म्हणत होती. मीच नाही सांगितलं.”

“आठ महिने मी स्वतःला शिव्या घातल्या, भावोजी. तुमच्यासाठी ठेवायला हव्या होत्या.” तो उठला. “येईन मी सोबत. ताईसाठी. पण आधी टपरीवर चला. तिथं माझ्यासारखे आणखी तिघं काकडी खातायत.”

टपरीवर सात-आठ ड्रायव्हर चहा पीत होते. त्यातला एक पोट चोळत ओरडला, “या दीडशे! आज किती फेऱ्या?”

मेहुणा मागे हाताची घडी घालून उभा राहिला. दीडशेंनी सदऱ्याची लावलेली बटणं पुन्हा सोडायला घेतली. वरचं निघेना.

“चहा खाली ठेवा,” ते म्हणाले. “आणि त्या काकड्याही.”