पायरीवर बसून पाहिलेलं पुणं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मिरवतेय. मिरवतेच. ज्या घरात सगळ्यांच्या हाताला खवले चिकटलेले असायचे, त्या घरातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडणं मला कोणी आयतं दिलं नव्हतं.

रत्नागिरीत कोळंबी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी कामाला होते. पण तिथलं काम होड्यांच्या भरवशावर. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आम्हीही घरी. त्यामुळे पुण्यातल्या एका अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं, बारमाही नोकरीचं, तेव्हा मी लगेच हो म्हणून मोकळी झाले. विचार नंतर घरी येऊन केला.

नवरा बोटीवर, म्हणजे मालवाहू जहाजावर. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. मुलगी चार वर्षांची. मी दिवसभर कामावर गेले की तिला बघणार कोण? माणूस एकच होतं, सासूबाई. त्या पुण्याला आल्या तर नोकरी, नाही आल्या तर नाही. यात तिसरं काही नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "येईन की. पन आधी जागा बगीन. न बगता मी लेक दिली नाय, न बगता घर कशी घेईन?"

सासूबाईंनी सगळा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. भाट्याचा पूल चालत ओलांडायचा आणि शहरातल्या आळ्या फिरायच्या. गुडघे गेले तेव्हा पाटी सुटली. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढत नाही. जमिनीवरून उचलून चुंबळीवर ठेवायला समोरून कोणाचा तरी हात लागतो. मग गिऱ्हाईक असो की रस्त्यानं जाणारी कोणी असो, "हात लाव गो बाय" म्हटलं की हात लावायचा, ही आमच्याकडची रीत. मासे न खाणाऱ्या घरातल्या बायकाही पदर सावरून हात लावायच्या. आणि रिकाम्या हातानं उभं असताना कोणी ओझ्याशी झगडताना दिसलं, तर विचारत बसायचं नाही.

घर बघायची त्यांची पद्धत त्यातूनच आलेली. आत त्या फारशा यायच्याच नाहीत. "आतून काय बगायचं? भिंती सगळीकडं भिंतीच. मी पायरीवर बसते. येनारी-जानारी मानसं कशी हायत ती बगते."

तो उन्हाळा आमचा एसटीत गेला. शनिवारी सकाळी रत्नागिरीहून निघायचं. आंबा घाटात मुलगी ओकायची, सासूबाई तिला आवळासुपारी चघळायला द्यायच्या, ती तीही ओकायची. संध्याकाळी पुणं. हडपसरला माझी कॉलेजातली मैत्रीण होती, तिच्याकडे पथारी पसरायची. रविवारी जागा बघायच्या आणि रात्रीच्या गाडीनं परत, कारण सोमवारी मला कामावर हजर व्हायचं असायचं. काही सोमवारी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तशीच पेंगलेय.

एजंट पन्नाशीचा, स्कूटरवाला. तो पुढे, आम्ही तिघी रिक्षात मागे. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "रत्नागिरी? वा! म्हणजे हापूस! घरमालकाला एक पेटी दिली की काम झालंच समजा."

"आमच्या दारात एकही कलम नाही हो."

"मग मॅडम, रत्नागिरीचं असून उपयोग काय?"

उपयोग खरंच काही नव्हता. एका जागी पाणी फक्त पहाटे यायचं. एका जागी खाली वेल्डिंगचं दुकान होतं आणि एजंट सांगत होता, आवाजाची सवय होते. एका मालकीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "मिस्टर कुठे असतात?"

"बोटीवर."

"म्हणजे तुम्ही एकट्याच?"

सासूबाई नेमक्या पाणी प्यायला आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकटी कशी? मी काय भूत हाय?" एजंट हसला. मालकीणबाई हसल्या नाहीत. ती जागा गेली.

नवऱ्याचा फोन यायचा तेव्हा त्याला सगळं सांगावं लागायचं. तो म्हणायचा, "तुम्ही दोघी ठरवाल ते." हे वाक्य ऐकून मला इतका शीण यायचा की त्यापेक्षा त्यानं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग एका रविवारी ती जागा दिसली. मोठी सोसायटी, मध्ये झाडं, मुलांना झोपाळे, घसरगुंडी. फाटकाशी शाळेची बस थांबायची. माझी प्रयोगशाळा एका बसच्या अंतरावर. एका खोलीत वाचनालय होतं आणि त्यात खरोखर मुलं बसून वाचत होती. मला ती जागा बघताक्षणी हवी झाली. माझी मुलगी इथं वाढावी, तिला आपलं शिकणं हे काही विशेष आहे असं वाटूच नये, असं मनात आलं. मुलगी तर झोपाळ्यावरून उतरायला तयार नव्हती.

सासूबाई खालच्या पायरीवर बसल्या. "तू जा, बोल इंग्लिश-बिंग्लिश. मी झोपाळ्यावरच्या चेडवाकडं बगते."

मालक निवृत्त गृहस्थ होते, बोलायला बरे. मी आडपडदा न ठेवता सांगितलं की आम्ही मासे खातो, रोज खातो. ते म्हणाले, "आमची हरकत नाही, फक्त वास बाहेर येऊ देऊ नका." कधी राहायला येणार इथपर्यंत बोलणं आलं होतं. तेवढ्यात खालून ओरडा ऐकू आला.

धावत खाली गेले. झालं होतं ते असं. सोसायटीतल्या एक आजी बाजारातून भलीमोठी पिशवी घेऊन आल्या आणि दम खायला ती पायरीशी टेकवून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी ते पाहिलं. मुलगी झोपाळ्यावर, आपले हात रिकामे. उठल्या, पिशवीचा एक बंद धरला आणि म्हणाल्या, "चल, हात लावते." आजींना कोणीतरी पिशवी ओढतंय एवढंच कळलं. त्या किंचाळल्या. वॉचमननं येऊन सासूबाईंचा दंड धरला. मी पोचले तेव्हा त्या दोन्ही तळवे उघडे करून उभ्या होत्या, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, आणि मुलगी त्यांच्या मागे लपून रडत होती.

"अहो, कोणीही येऊन बसतं इथं! मला काय माहीत?" आजी म्हणत होत्या. बटाटे पायऱ्यांवरून घरंगळत गेले होते. ते उचलायला सासूबाई वाकल्या तर वॉचमन म्हणाला, "राहू दे, हात नको लावू."

मालक माझ्या मागून आले होते. हळूच म्हणाले, "या तुमच्याबरोबर आहेत का? म्हणजे... या इथे राहणार आहेत?"

"राहणार आहेत," मी म्हटलं. "पण इथे नाही. आम्हाला नको तुमची जागा."

आणि मुलीला कडेवर घेऊन चालायला लागले. एजंट स्कूटर ढकलत मागून "मॅडम, मॅडम" करत होता.

परतीच्या गाडीत सासूबाई कराडपर्यंत समोरच्या सीटकडे बघत मुलीला थोपटत बसल्या. मला वाटलं, लागलंय त्यांना. मग एकदम म्हणाल्या, "जागा सोडलीस कशाला?"

"आई, त्यानं तुमचा दंड धरला."

"माझा धरला. तुझा धरला काय?"

"म्हणजे मी गप्प बसायचं?"

"ती म्हातारी घाबरली. माझी पाटी कोनी अशी ओढली असती तर मी दगड घातला असता त्याच्या टकुऱ्यात. त्यात काय हाय?" मांडीवर झोपलेल्या मुलीचे केस त्यांनी मागे सारले. "चेडवाला झोपाळा आवडला हुता. बस दारात येत हुती. आनि तू रागावलीस."

"तुमच्यासाठी रागावले."

"माझ्यासाठी नाय गो. तुला कोनी मासेवालीची सून म्हनून बगितलं, म्हनून रागावलीस."

अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी भांडायला माझ्या अंगात जोर नव्हता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, "अशा रागानं घर मिळत नाय. आनि मी काय अशी दर आठवड्याला येनार नाय. माझी कंबर गेली."

सोमवारी दुपारी मी एजंटला फोन केला. ती जागा रविवारी संध्याकाळीच दुसऱ्यांना गेली होती. "मॅडम, तुम्ही ओनरला फार बोललात," तो म्हणाला. रात्री नवऱ्याचा फोन आला. "आई काय म्हणते?"

"म्हणतात, जागा का सोडलीस."

"मग का सोडलीस?"

मी फोन ठेवून दिला.

रुजू व्हायची तारीख जवळ आली होती. पुढच्या खेपेला मी एकटीच गेले आणि जे उरलं होतं त्यातलं एक घेतलं. हमरस्त्यापासून आत, अर्ध्या बांधलेल्या इमारतींच्या मध्ये एक पुरी झालेली इमारत. चौथा मजला. पाणी टँकरचं. मुलं खेळायची ती बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर. मला दोन बस बदलून जावं लागणार होतं. घरमालक दुसऱ्या गावाला राहणारा, त्यानं आमच्याबद्दल काहीच विचारलं नाही. ना जात, ना मासे, ना नवरा. इतक्या रविवारांनंतर मला तेवढंच पुरेसं वाटलं.

घरी येऊन सासूबाईंना सरळ सांगितलं, "जागा चांगली नाही. बसायला पायरीसुद्धा नाही, खाली सगळ्या गाड्या लागतात."

"वारा येतो काय?"

"येतो. धूळ पण येते."

"मासळी?"

"रविवारी बाजार भरतो. पण तळ्यातली."

त्यांनी तोंड वाकडं केलं. घरामागच्या परड्यात वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करत राहिल्या. मी तिथंच उभी. आता त्या नाही म्हणाल्या तर मी प्रयोगशाळेला काय कळवायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी नाही म्हणाल्या असत्या तर मला थोडं सुटल्यासारखं वाटलं असतं. निदान ही ओढाताण संपली असती.

"गनपतीपर्यंत येते," त्या म्हणाल्या. "मग बगू."

त्यांनी पुण्याला नेलं काय, तर सुक्या मासळीचे डबे. पहिल्याच आठवड्यात सुकट भाजली आणि समोरचं दार धाडकन लागलं. समोर लातूरकडची एक बाई राहते, तिलाही माझ्या मुलीएवढा मुलगा. दार तिनं दुसऱ्या दिवशी उघडलं, कारण दोन्ही मुलांना एकमेकांकडे जायचं होतं. ती म्हणाली, "काकू, तेवढं भाजायच्या आधी सांगत जावा, मी खिडक्या लावून घेते." आता सासूबाई तिचं दार वाजवून सांगतात, "लाव गो खिडक्या." मैत्री म्हणावी असं काही नाही. ती बाई दुसरी जागा बघतेय. इथं सगळेच दुसरी जागा बघत असतात.

गणपतीला आम्ही गावी गेलो. गौरी गेल्या, विसर्जन झालं, आणि मी बॅगा भरायला लागले. सासूबाईंचे कपडे भरायचे की नाही ते मला कळेना, आणि विचारायचं धाडस होईना. शेवटी त्याच आत आल्या, डब्यांना झाकणं घट्ट लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिमग्यापर्यंत येते. नंतर नाय सांगत."

प्रयोगशाळेत मला कायम केलंय. बारमाही नोकरी, हवी होती तशी. पण या घरी ती एका सणापासून पुढच्या सणापर्यंत चालते. शिमगा आता जवळ आलाय. या दिवसांत मी सासूबाईंशी जरा जपून बोलते, रविवारी त्यांनी न सांगता बाजारात जाते आणि बर्फातली का होईना, पण समुद्राची मासळी शोधून आणते. परवा त्यांनी मला विचारलं, पोरीच्या शाळेला सुट्टी कधी लागते. मी तारीख सांगितली, शिमग्यानंतर महिनाभरानं येणारी. कशाला हवीय, ते विचारलं नाही.