सुरळीच्या वड्यांचं रेकॉर्डिंग

"हात लावू नका, ते चालू आहे." आमच्या कोथरूडच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधले काका पाहुण्यांचं स्वागत या वाक्याने करत. पाणी त्यानंतर.

'ते' म्हणजे टीव्हीखालचा रेकॉर्डर. केबलच्या सेटटॉप बॉक्सला हार्ड डिस्क जोडून काकांनी तो स्वतः उभा केला होता. "मी लावून देतो," असं केबलवाला म्हणाला, तर काकांनी विचारलं, "आपण मॅन्युअल वाचलंय का?" तो बिचारा गेला. काकांनी वाचलं होतं, लाल पेनने खुणा करून. रेकॉर्डिंग चालू असताना चॅनेल बदललं की सगळं वाया, असं त्यात होतं. म्हणून रिमोट कुलपात. काकू म्हणायच्या, "अहो, माझ्या बांगड्या टेबलावर पडल्यात आणि रिमोट कपाटात!"

हा सगळा खटाटोप काकूंसाठीच होता बरं का. केबलच्या स्थानिक चॅनेलवर त्या सुरळीच्या वड्या करून दाखवणार होत्या. शूटिंगला काकूंनी काकांना नेलं नव्हतं. कॅमेरामनलाही मॅन्युअल विचारतील ही भीती. कार्यक्रम एकदाच लागणार, पुन्हा नाही. मग पंधरा दिवस तालीम चालली. राशिभविष्य, बाजारभाव, कुणाचा तरी सत्कार, सगळं रेकॉर्ड करून काकांनी तपासलं.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी बारा वाजता. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. काकांनाही होतं. टीव्ही, बॉक्स, रेकॉर्डर, तिन्ही इन्व्हर्टरवर.

मी बघायला गेले. काकू नवी साडी नेसून बसलेल्या. बाराला वीज गेली, टीव्ही चालूच राहिला. काका माझ्याकडे बघून चक्क हसले. पण पडद्यावर नुसता निळा रंग. गल्लीतल्या खांबावरचं केबलचं यंत्र काही इन्व्हर्टरवर नव्हतं. मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

अर्धा तास आम्ही निळं बघितलं. रेकॉर्डर ते इमानेइतबारे टिपत होता. मग सदाशिव पेठेतून, तिथे वीज होती, काकूंच्या नणंदेचा फोन, "वहिनी, काय सुंदर दिसलीस गं!" काकांनी चष्मा पुसला, परत पुसला. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"लावा तुमचं रेकॉर्डिंग," काकू म्हणाल्या.

काकांनी निमूट लावलं. निळा पडदा. काकू शेजारी बसून सांगू लागल्या, "हा माझा नमस्कार. आता पीठ ढवळतेय. इथे गुठळी झाली, पण कॅमेरा तिकडे नव्हता."

"थांब, मागे घेतो," काका म्हणाले. आणि मागे घेतलं की हो खरंच!

पुढे कित्येक गुरुवारी दुपारी भिंतीपलीकडून मला हा कार्यक्रम ऐकू यायचा. गुठळीपाशी काका दर वेळी मागे घेत.

काका गेल्या वर्षी गेले. परवा केबलवाला नवा बॉक्स घेऊन आला. जुना परत न्यायचा होता. या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्याही बॉक्सवर दिसत नाही, हे वाक्य काकांनी मॅन्युअलमध्ये दोनदा अधोरेखित केलेलं. म्हणून काढण्याआधी त्याने जुन्यावरचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, माणूस भला.

"काकू, यात काहीच नाहीये हो. सगळं निळंच आहे," म्हणत त्याने वायर काढायला हात पुढे केला.

काकू टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "आमचा कार्यक्रम आहे त्यात."