डॉक्टरांच्या सहीने गेलेले पत्र

अर्ज टपालात पडला की उत्तर येईपर्यंत माझे पाय एका जागी ठरत नाहीत. तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत होतो तेव्हापासूनची ही खोड आहे, आणि मँचेस्टरला येऊन अकरा वर्षे झाली तरी ती सुटलेली नाही. पत्नी इथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या व्हिसावर मी आलो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु शिक्षण आणि मसुदा या दोन स्वतंत्र विद्या आहेत, हे माझे मत आजही कायम आहे. दर शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, चहाच्या टेबलापलीकडे मी बसतो. कौन्सिलला तक्रार, शाळेने प्रवेश नाकारल्यावरचे अपील, आईवडिलांच्या व्हिजिटर व्हिसाचे पत्र, ही कामे आयटीतली पदवीधर मुलेसुद्धा माझ्याकडे आणतात. इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा चांगले येते; विनंती करता येत नाही.

ज्या पत्राने मला सर्वाधिक छळले ते एका अडुसष्ट वर्षांच्या बाईंचे होते. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांचे यजमान नावाजलेले सर्जन, आता निवृत्त. ताईंनी स्वतः चाळीस वर्षे रुग्णालयात डॉक्टरांची पत्रे टाइप केली. निवृत्तीनंतर त्या शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात विनावेतन जाऊ लागल्या. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या लेखिका आणि त्यांचे प्रकाशक यांच्यातल्या पत्रांची बासने तिथे आहेत. ती वाचून नकलून काढायचे त्यांचे काम. त्यातून सात वर्षांत त्यांनी एक इंग्रजी पुस्तक लिहिले. ब्रिस्टलच्या एका छोट्या प्रकाशन संस्थेने नव्या लेखकांकडून एक प्रकरण आणि सोबत पत्र मागवले होते. त्या पत्रासाठी त्या माझ्याकडे आल्या.

"ताई, चाळीस वर्षं पत्रंच टाइप केलीत की तुम्ही," मी म्हणालो.

"दुसऱ्यांची केली हो. डिअर डॉक्टर, थँक यू फॉर रेफरिंग धिस प्लेझंट लेडी. स्वतःचं लिहायला बसले की हात थांबतो, कुणीतरी पुढचं सांगेल म्हणून."

मग त्यांनी पुस्तकाचा विषय सांगितला. त्या काळी पुस्तक विकणारा दुकानदारच बहुधा प्रकाशक असे. कित्येक बायका नाव छापतच नसत; पहिल्या पानावर 'एका स्त्रीकडून' एवढेच, आणि प्रस्तावनेत लिहिण्याच्या धाडसाबद्दल क्षमा. लग्न झालेल्या बाईचा करार कायद्याने नवऱ्याचा. म्हणून पुष्कळदा प्रकाशकाला पत्रही वडील, भाऊ नाहीतर नवरा लिही.

"एकीची पाच पुस्तकं निघाली," ताई म्हणाल्या, "आणि त्या बासनात तिच्या हातची एक ओळ नाही. सगळी पत्रं नवऱ्याची. माझ्या पत्नीकरिता, माझ्या पत्नीकरिता. तिला स्वतःला काय म्हणायचं होतं, ते शोधण्यात माझी दोन वर्षं गेली."

"नवऱ्याचा मसुदा मात्र चोख असणार," मी म्हणालो. "पाचही मंजूर झाली म्हणता."

त्या हसल्या. मी ते गंभीरपणे म्हटले होते.

त्यांचा कच्चा मसुदा चार वाक्यांचा होता. मी अमुक, मी हे पुस्तक लिहिले आहे, प्रकरण सोबत आहे, आपले मत कळवावे. असा कागद आमच्या कचेरीत शिपायानेसुद्धा आत नेला नसता. ना हुद्दा, ना ओळख, ना आदर. दरम्यान ताई भाचीच्या बाळंतपणासाठी मिल्टन कीन्सला गेल्या. मुदत शुक्रवारी संपत होती. फोनवर म्हणाल्या, "भाऊ, स्पेलिंग तेवढं बघा, खाली माझं नाव टाका आणि पाठवून द्या."

तीन दिवस मी ट्रामच्या रुळाकडेने येरझाऱ्या घातल्या. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाने मला एकच गोष्ट शिकवली होती: अर्ज कशासाठी आहे हे नंतर पाहतात, कोणाचा आहे हे आधी. आणि घरात एक सर्जन असताना अर्ज निवृत्त टायपिस्टच्या नावाने जावा, हे मला ताईंवर अन्याय केल्यासारखे वाटले. मी दीड पानांचे पत्र तयार केले. पत्र डॉक्टरांचे होते. आपल्या पत्नीने परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला ग्रंथ ते तिच्या वतीने विचारार्थ सादर करत होते, आणि पुढील सर्व पत्रव्यवहार त्यांच्याशी करण्याची विनंती करत होते. मंडळाच्या कार पार्कमध्ये त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

"वाचून बघा ना डॉक्टरसाहेब."

"हिच्या पुस्तकाचं आहे ना? द्या इकडे. आयुष्यभर लोकांनी माझे कन्सेंट फॉर्म न वाचता सह्या केल्या. जरा फेड होऊ दे."

पाच आठवड्यांनी उत्तर आले. पुस्तक स्वीकारले होते. प्रकरणाची दोन परिच्छेद भरून स्तुती होती, आणि सोबत कराराचा मसुदा. त्यात डॉक्टर हे लेखिकेचे प्रतिनिधी होते. मजकुरातले बदल, मुखपृष्ठ, पुढची आवृत्ती, प्रत्येक बाबतीत संमती त्यांची घ्यायची होती आणि शेवटी सहीची रेघही त्यांचीच होती. खाली कंसात शब्द होता: पत्नीकरिता. पाकिटावर नाव डॉक्टरांचे असल्यामुळे ते त्यांनीच फोडले आणि जेवताना ताईंना वाचून दाखवले.

शनिवारी ताई हॉलमध्ये आल्या. चहाच्या रांगेत पंधरावीस माणसे होती. त्यांनी माझ्यापुढे मी लिहिलेल्या पत्राची प्रत ठेवली. ती त्यांनी ब्रिस्टलहून मागवून घेतली होती.

"हे पत्र माझ्या ओळखीचं आहे," त्या म्हणाल्या. "दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. कागद तेवढा नवा दिसतोय."

"ताई, पण मंजूर झालं ना?"

"झालं. कुणाचं झालं?"

"तुमचंच की. तुमच्याकरिताच लिहिलं मी."

"माझ्याकरिता की माझ्याऐवजी?"

आमच्या कचेरीत साहेब नसले की कारकून 'करिता' लिहून सही करी, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. साहेब परत आल्यावर विचारीतसुद्धा नसत.

"अगं, जाऊ दे ना," मागून डॉक्टर म्हणाले. "पुस्तक येतंय, नाव तुझंच छापतायत."

"अहो, तुम्ही बोलू नका. तुम्ही प्रतिनिधी आहात. काय असेल ते लेखी कळवा."

रांगेत कोणीतरी फिसकन हसले. ताई हसल्या नाहीत. हा करार होणार नाही, असे त्यांनी सांगितले. करार त्यांच्या सहीने झाला तर पुस्तक निघेल, नाहीतर सात वर्षांचे काम खणात राहील. प्रकाशकाने तीन आठवड्यांची मुदत दिली होती. एक आठवडा संपला होता.

मी लगेच दुरुस्तीचा अर्ज करून देतो म्हणालो. टंकलेखनातील अनवधानाने झालेली चूक, असे लिहिले की भागते.

"चूक टायपिंगची नव्हती, भाऊ. टायपिंग मला कळतं. माझं पत्र मी लिहीन. तुम्ही तुमचं लिहा. काय केलंत ते, तुमच्या नावानं."

आयुष्यात हजारो अर्ज लिहिले. त्यांतला एकही माझा नव्हता. मी फक्त लिहिणारा, खाली अंगठा वा सही दुसऱ्याची. मी घरी बसलो आणि लिहिले: उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन की, काही अपरिहार्य कारणास्तव अर्जदाराचे नाव बदलण्यात आले. फोनवर ताईंना वाचून दाखवले.

"बदलण्यात आले? कुणी बदललं?"

"ताई, कचेरीची भाषा अशीच असते."

"म्हणूनच विचारतेय."

फोन ठेवून मी बाहेर पडलो, रुळापर्यंत गेलो, परत आलो. इंग्रजीतही तशीच सोय आहे, हे मला ठाऊक होते. कोणी काही न करता सर्व काही करता येते. दुसरा मसुदा केला, तिसरा केला. माझ्या हेतूची शुद्धता त्यात इतकी विस्ताराने आली की कृत्य सापडेना. पत्नी ड्यूटीवर निघताना बूट घालत होती. तिने कागद वाचला. "एवढं मोठं?" ती म्हणाली. "आम्ही औषध चुकलं तर दोन ओळींत लिहितो. काय दिलं, कुणी दिलं."

चौथ्या दिवशी पत्र चार वाक्यांचे झाले. हे पुस्तक या बाईंचे आहे. त्यांनी स्वतःच्या नावाने पत्र पाठवायला सांगितले होते. मी त्यांना न विचारता ते त्यांच्या पतीच्या नावाने लिहिले आणि पतीने न वाचता सही केली. करार बाईंशी करावा. खाली मी माझे नाव लिहिले. हुद्दा काय लिहावा हे कळेना, म्हणून जागा कोरी सोडली. पोस्टात स्वतः गेलो, घुटमळत उभा राहिलो. ते पाकीट परत मागून घ्यावे असे मला दोनदा वाटले.

पुढचे दिवस वाईट गेले. लोकांच्या अर्जांत मी तारखा चुकवू लागलो. प्रकाशकाने फसवणूक समजून सगळेच नाकारले तर ते पुस्तक मी बुडवले असे होणार होते, आणि बुडवले ते उत्तम मसुदा करून, हे अधिक बोचत होते. ताईंना फोन करण्याचा धीर झाला नाही. त्या दोन शनिवार हॉलवर आल्या नाहीत.

डॉक्टर मला ट्राम स्टॉपवर भेटले. छत्री मिटता मिटता म्हणाले, "झालं हो. नवीन करार आला, काल तिनं सही केली. साक्षीदार म्हणूनसुद्धा मला घेतलं नाही. शेजारीण बोलावली."

मला हायसे वाटले, आणि लगेच पुढचा प्रश्न आला. "नाव काय लावलं ताईंनी?"

"स्वतःचं आणि माहेरचं आडनाव. मधलं गेलं, शेवटचंही गेलं. एका सहीत मी दोन्ही जागांवरून गेलो!" ते मोठ्याने हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "छान दिसत होतं पण."

"पासपोर्टवर तर सासरचं आहे," मी म्हणालो. "डॉक्टरसाहेब, नावात तफावत आली की कागद परत येतो. मी पाहिलंय."

"मीही तेच म्हटलं. ती म्हणाली, त्यांना फोनवर विचारलंय, चालतं."

त्यांची ट्राम आली आणि ते चढले. मी मागच्या ट्रामने जाणार होतो. ती आली, गेली, तिच्या मागचीही गेली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र कसे लिहावे, याची पहिली ओळ माझ्या मनात जुळत आली होती. ते कोणी मागितले नव्हते.