भन्तेंनी पसरलेलं वस्त्र
एकाहत्तरच्या थंडीत थायलंडहून आलेल्या एका भन्तेंना भाड्याच्या जीपमधून मी जिल्ह्यातली बुद्धविहारं दाखवत होतो. संगमनेर, कोल्हार करत आम्ही पुणतांब्याला पोचलो. तिथल्या पत्र्याच्या विहारात एका आजीने भाकरी-पिठल्याचं ताट पुढे केलं. भन्तेंनी ते हातात घेतलं नाही. जमिनीवर वस्त्र पसरून त्यावर ठेवायची खूण केली. आजी ताट ठेवून झटकन मागे सरली, पूर्वी पाटलाच्या दारात सरावं लागायचं तशी.

"आमचा इटाळ हाय का यांना?" तिने मला विचारलं.

शरमेने माझी मान वर होईना. "तसं नाही, आजी. ते कुठल्याच बाईच्या हातून थेट घेत नाहीत."

"म्हंजी जातीचं न्हाई, बाईचं हाय," ती शांतपणे म्हणाली.

भन्ते जेवू लागले. माझं ताट मी आजीच्या हातातूनच घेतलं.