यूनस मसीहांनी न गाळलेला शब्द

लाहोरच्या उर्दू बाजारात कायद्याची पुस्तकं आधी हाताने लिहायची आणि मग छापायची, त्या काळात यूनस मसीहांइतका चोख कातिब दुसरा नव्हता. त्र्याहत्तर साली देशाची राज्यघटना आली. आमच्या दुकानाची प्रत त्यांच्याच बोरूतून उतरली. दुरुस्त्या येत गेल्या तशी बदललेली पानंही तेच लिहायचे. चुकलेलं अक्षर ब्लेडने खरवडायची पद्धत होती. त्यांच्या ब्लेडला गंज चढायचा. मी, रफाकत, त्यांच्या शेजारी बसून शिकलो, उस्ताद म्हणायचो. चहाचा कप मात्र त्यांचा वेगळा, खिडकीतला. ख्रिस्ती माणसाचा कप. प्यायल्यावर ते स्वतःच नळावर विसळून परत तिथे ठेवायचे, आणि आम्हां कुणालाच त्यात वावगं वाटत नसे.

पंच्याऐंशी साली, देशाची सत्ता बळकावून बसलेल्या जनरलसाहेबांच्या हुकमाने घटनेत बरंच काही घुसलं. एक जुना ठराव नुसता सुरुवातीला छापलेला असायचा, तोही आता घटनेचा भाग झाला. ते पान लिहून झाल्यावर आम्ही ताडून पाहायला बसलो. मी जुनी प्रत वाचायची, उस्तादांनी नव्या पानावर बोट फिरवायचं.

"अल्पसंख्याकांना आपला धर्म मोकळेपणाने पाळता यावा..." मी वाचलं.

बोट थांबलं. "'मोकळेपणाने' माझ्याकडे नाही."

"राहून गेला असेल, उस्ताद."

"माझ्या हातून? गाढवा, वरून आलेला मजकूर काढ."

मजकुरातही तो शब्द नव्हता.

दोन्ही कागद घेऊन उस्ताद मालकांपुढे, शेखसाहेबांपुढे उभे राहिले. मी मागे होतो. "शेखसाहेब, वर कुणाची तरी चूक झालीय. एकदा विचारून घ्या."

"मी विचारू? जनरलना?" शेखसाहेबांनी मानही वर केली नाही. "यूनस, तुला लिहायला ठेवलाय, शहाणपणा करायला नाही. आलंय तसं जाऊ दे."

तसंच गेलं.

वर्षभराने एक वकील तणतणत दुकानात शिरला. कुठल्याशा वस्तीतल्या प्रार्थनाघराचा खटला होता. त्याने सगळी भिस्त 'मोकळेपणाने' या शब्दावर ठेवली, न्यायाधीशांनी पुस्तक मागवलं, तर पानावर शब्दच नाही. "शब्द नाही म्हणजे तेवढी मोकळीकही नाही, असा अर्थ लावला त्यांनी! कुणी खाल्ला माझा शब्द?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. शेखसाहेब गोड हसले. "आमचा कातिब म्हातारा झालाय हो. नजर गेलीय त्याची."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "रफाकत, सांग ना. तूच वाचत होतास."

मी बोरू तासत राहिलो. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि एकुलता एक साक्षीदार मूग गिळून बसला होता. वकिलाने पुढे सरकारी प्रत पाहिली असेलच, पण तो काही माफी मागायला परत आला नाही.

उस्तादांना त्याच दिवशी काढलं. उजेडाजवळची त्यांची जागा मला मिळाली. बाजारात त्यांचं नाव 'शब्दखाऊ' पडलं. धर्मग्रंथ छापणारे त्यांचेच लोक, तेही काम देईनात.

पंचवीस वर्षांनी संसदेने तो शब्द परत घातला. नवी प्रत घेऊन मी योहानाबादच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या घरी गेलो. ऐंशीचे उस्ताद खाटेवर बसले होते. आता खरोखरच नजर गेली होती. त्यांचं बोट धरून मी त्या ओळीवर ठेवलं. "उस्ताद, शब्द परत आला."

"काढला कुणी होता, ते लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे मीच." त्यांनी मुलाला हाक मारली. शब्दखाऊचा पोरगा म्हणवून घेत तो पन्नाशीला आला होता. "रफाकत, याच्यासमोर सांग."

मी सांगितलं. ताडून मीच पाहिलं, शब्द वरूनच आला नव्हता, तुझे वडील मालकांना विचारायलाही गेले होते, मी तिथेच होतो. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

"अर्ध्या मिनिटाचं काम होतं," उस्ताद म्हणाले.

सुनेने चहा आणला. मी कप हातात घेतला.

"सूनबाई," उस्ताद म्हणाले, "यांचं झालं की तो कप वेगळा ठेव."

मी चहा संपवला. अंगणातल्या नळावर जाऊन कप विसळला आणि खिडकीत ठेवला.