स्क्रूवरचं नेलपॉलिश

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या चार रिकामटेकड्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुम्ही फार विश्वासाचे वगैरे आहात, असा गैरसमज करून घेऊ नका. तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या जिन्यात राहत नाही — एवढी पात्रता मला पुरते. मध्येच माझी दया यायला लागली तर ती आवरा. माझ्या घरी तिला ठेवायला जागा नाही.

चौतीस वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. बंद पडलेली मशिनं चालू करायची, एवढंच काम. निवृत्त होऊन खराडीत राहायला आलो आणि सोसायटीची पाण्याची मोटर आपसूक माझ्या गळ्यात पडली. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवणारी मोटर. वरच्या टाकीत मी एक फ्लोट बसवला होता, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा — टाकी भरली की तो वर येतो आणि मोटर बंद करतो. नऊ वर्षं चाललं ते. चाललं म्हणजे काय, चालत नव्हतं तेव्हा मी चालवलं. सकाळी सहाला बेल वाजायची, "काका, पाणी नाही हो," आणि मी बनियनवरच खाली जायचो. शिव्या घालत जायचो. पण जायचो.

ती बेल मला आवडायची. हे कबूल करायलाही मला इतकी वर्षं लागली, मग पुढचं कबूल करायला किती लागतील?

बी विंगमध्ये सहाव्या मजल्यावर स्नेहल वानखडे राहायला आली. अकोल्याची. जवळच्याच आयटी पार्कात नोकरी, सोबत गुडघ्यांनी अधू झालेली आई, आणि घर भाड्याचं. आमच्या सोसायटीत भाडेकरू म्हणजे अर्धा माणूस. त्याने मेंटेनन्स भरावा, गाडी नीट लावावी आणि मत देऊ नये. या मुलीला मात्र मत होतं. तिला मायक्रोकंट्रोलर बोर्डांचा नाद होता — काडेपेटीहून जरा मोठी ती पट्टी, तिला तारा जोडायच्या, काय करायचं ते लिहून द्यायचं, की ती इमानेइतबारे तेवढंच करत बसते. टाकीत किती पाणी आहे ते मोजेल, मोटर आपोआप चालू-बंद करेल आणि सगळ्यांच्या मोबाइलवर आकडा दाखवेल, अशी पेटी बनवून देते म्हणाली. फुकट. पुण्यात फुकट म्हटलं की लोक आधी संशय घेतात आणि मग रांग लावतात. तसंच झालं.

बनवण्याआधी ती माझ्याकडे आली होती. हा भाग मी माझ्यापुरता गाळून टाकला होता, पण सांगायला बसलो की तोच आधी समोर येतो. तिची अडचण वीजपुरवठ्याची होती. पंपरूममध्ये अडॅप्टर बारा व्होल्टचा, बोर्डाला हवेत पाच. बारा थेट दिले तर बोर्डावरचा व्होल्ट उतरवणारा छोटा रेग्युलेटर तव्यासारखा तापतो — हे तिला घरी प्रयोग करून कळलं होतं. मी सांगितलं, मध्ये स्टेप-डाउन मॉड्यूल टाक. निळी, नखाएवढी पट्टी असते, तिच्यावर एक पितळी स्क्रू. तो फिरवला की बाहेर पडणारे व्होल्ट बदलतात. मीटर लावून पाचवर आण आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाक, नाहीतर मोटरच्या थरथरीने तो फिरत राहील. कारखान्यात आम्ही हेच करायचो. स्टोअरच्या मागणीपत्रावर नेलपॉलिश लिहायची लाज वाटायची, म्हणून 'लाल लाख' असं लिहायचो. ती खूप हसली होती त्याला.

दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊनच पंपरूममध्ये आली. डाळिंबी रंग. मी मीटर धरला, तिने स्क्रू फिरवला, काटेकोर पाच व्होल्ट आले, आणि तिने एक थेंब टाकून त्यावर फुंकर घातली.

"काका, फॅक्टरी फिनिश!" म्हणाली.

मी बघत होतो. दोन फुटांवरून.

मग म्हणाली, "तुमचा फ्लोट राहू द्या ना काका, बॅकअप म्हणून. माझं बंद पडलं तरी तो मोटर थांबवेल." शहाणी मुलगी. चौतीस वर्षं मी ज्युनिअर लोकांना हेच शिकवत आलो — एकावर विसंबू नका. आणि मी काय केलं? पाना घेतला, गच्चीवर गेलो आणि तो फ्लोट स्वतः काढून आणला. कारण त्याच सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सी विंगच्या एका दीडशहाण्याने लिहिलं होतं, "काकांचं जुगाड एकदाचं जाणार," आणि पुढे टाळ्या. जुगाड! तुझ्या बाथरूमला नऊ वर्षं पाणी आलं ते कशामुळे रे? पण त्याला बोललो नाही. राग काढला फ्लोटवर. काढायचं तर सगळंच काढा म्हटलं, नवे राजे आले आहेत.

पेटी उत्तम चालली. हेच तर दुखणं होतं. पहिला आठवडा, दुसरा, महिना, दोन महिने. बेल वाजेना. लोक मोबाइलवर टाकी बघून अंघोळीला जायला लागले. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला सेक्रेटरी जगदाळेंनी तिला गुच्छ दिला आणि तिने माइकवरून सांगितलं, "काकांनी खूप शिकवलं." लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या — शाळेत नातवाचा नंबर आला की आजोबांसाठी वाजवतात तशा. तुम्हाला वाटेल, एवढ्याने माणूस बिथरतो? हो. बिथरतो. मला तिचा राग यायला लागला होता. तिच्या नम्रपणाचा तर सगळ्यात जास्त. माणूस उद्धट असला की भांडता तरी येतं.

एका मंगळवारी दुपारी, सगळे ऑफिसात असताना, मी पंपरूममध्ये गेलो. किल्ली माझ्याकडे असायचीच. पेटीचं झाकण उघडलं. वीज बंद केली, चाकूच्या टोकाने नेलपॉलिश खरवडलं आणि थिनरच्या बोळ्याने स्क्रू लख्ख पुसला. मग वीज चालू केली, मीटर लावला आणि स्क्रू थोडा थोडा फिरवत पाच व्होल्ट वाढवून सातच्या जरासे अलीकडे नेले. जास्त नाही. जास्त केलं असतं तर बोर्ड तिथल्या तिथे गेला असता आणि दुपारी खाली कोण गेलं होतं, हे विचारलं गेलं असतं. हळूहळू तापून दोन दिवसांनी जावा, थरथरीने स्क्रू सैल झाला असं दिसावं — असा माझा हिशेब. याला रागाच्या भरात केलं म्हणत नाहीत. रागाच्या भरात माणूस मीटर लावत नाही.

मग घरी येऊन झोपलो. छान झोप लागली.

मला वाटलं होतं, बोर्ड गेला की मोटर बंद राहील, सकाळी पाणी येणार नाही, आणि सगळे माझ्या दारात. जरा आरडाओरडा, दोन बादल्यांची गैरसोय, बाकी काही नाही. पण गुरुवारी दुपारी तो बोर्ड गेला तो मोटर चालू असताना, आणि मरताना 'चालू'चा हुकूम तसाच धरून ठेवून गेला. थांबवायला फ्लोट होता कुठे? तो माझ्या बाल्कनीत, रंगाच्या डब्यांमागे. वरची टाकी तासन्‌तास वाहत राहिली. पाणी बी विंगच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये शिरलं आणि लिफ्ट अकरा दिवस बंद पडली. तिची आई सहाव्या मजल्यावर अडकली. गुडघ्यांच्या व्यायामासाठी रिक्षाने दवाखान्यात जायच्या त्या, ते बंद झालं. रोज संध्याकाळी त्या गॅलरीत येऊन खाली बघत उभ्या असायच्या. मी त्या बाजूने जायचं टाळलं.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर तिची पेटी उघडून ठेवलेली. जो तो तिच्यावर तुटून पडला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते जरा जास्तच. स्नेहल उभी होती, आणि तिची आई सहा मजले बसत-उठत उतरून आली होती.

जगदाळे म्हणाले, "काका, तुमी जानकार मानूस. तुमीच बघून सांगा, चूक कुनाची हाय?"

मी चष्मा लावला. पेटीला अडॅप्टर जोडला. मीटर लावला. मीच सोडलेला आकडा मी सगळ्यांना वाचून दाखवला. म्हणालो, व्होल्ट वाढलेत; हा स्क्रू लॉक केलेला नाही, थरथरीने फिरला. कारखान्यात आम्ही यावर नेलपॉलिश लावतो.

"मी लावलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिने पेटीत वाकून पाहिलं, स्क्रू स्वच्छ होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिथे तिला दुसरं कुणी साक्षीदार नव्हतंच. "काका, तुमच्यासमोर लावलं होतं ना? तुम्ही होता ना तिथे?"

तिची आई म्हणाली, "सांगा ना जी भाऊ. माही पोरगी खोटं नाही बोलत."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. आठवून बघतोय असं दाखवलं — हेसुद्धा केलं. आणि म्हणालो, "मला नाही आठवत."

मग कुणीतरी विचारलं, बॅकअप का ठेवला नव्हता? तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. फ्लोट मी काढला हे ती सांगू शकली असती. म्हाताऱ्या माणसाचं नाव चारचौघांत कशाला घ्यायचं, असं वाटलं असेल तिला. मी खुर्चीत बसून पेटीचं झाकण लावत होतो.

ठराव झाला — सामाईक जागेतल्या कुठल्याही यंत्राला भाडेकरूंनी हात लावायचा नाही. घरमालकाला पत्र गेलं. अकरा महिन्यांचा करार संपत आलाच होता, त्याने तो पुढे वाढवला नाही. त्यांनी हिंजवडीच्या बाजूला घर पाहिलं. जायच्या दिवशी दोघी माझ्या दारात आल्या. आई म्हणाली, "तुमी होते म्हनून पोरीले काही शिकाले भेटलं, भाऊ." माझ्या बायकोने त्यांना चहा दिला. मी पेपर वाचत होतो.

फ्लोट मी परत बसवला. ग्रुपवर त्याच दीडशहाण्याने लिहिलं, "शेवटी अनुभव तो अनुभव." बेल वाजायला लागली. आणि ऐका — मला बरं वाटलं. महिनाभर तरी निखळ बरं वाटलं.

यावर दोन वर्षं गेली. परवा बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत, मागून "काका!" अशी हाक आली. तीच होती. वाळली होती. आईसाठी हीटिंग पॅडचा अडॅप्टर घ्यायला आली होती. बोर्डांचं काय चाललंय, असं मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"ते सोडलं काका. हात लावायची भीती वाटते." मग हसत हसत सांगायला लागली — आजकाल गॅस बंद केला का ते बघायला ती पार्किंगमधून पुन्हा वर जाते, कधी दोनदा, कधी तीनदा. ऑफिसात मेल पाठवायच्या आधी शेजारच्या मुलीला वाचायला लावते. प्रमोशन आणि हाताखाली टीम मिळत होती, तेही नको म्हणाली. "कारण मला त्या दिवशी शंभर टक्के आठवत होतं काका. अगदी दिसत होतं. आणि ते झालेलंच नव्हतं. मग माझ्या आठवणीवर भरवसा कसा ठेवू?"

गल्लीत गर्दी होती. आम्ही एका दुकानाच्या पायरीला चिकटून उभे होतो. तिने जरा थांबून विचारलं, "काका, एकदाच विचारते. मी खरंच लावलं नव्हतं?"

तिथे सोसायटी नव्हती. जगदाळे नव्हते. माझी बेल, माझा मान, काहीही पणाला नव्हतं. ती कुणाला जाऊन सांगणार होती? एक शब्द होता. तो बोलून मी त्या मुलीला तिचं डोकं परत देऊ शकलो असतो.

मी म्हणालो, "नाही गं. नव्हतं लावलंस."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं विचारलं. इतके दिवस मनात यायचं की कुणीतरी मुद्दाम केलं असेल. एकदा तर तुमच्यावरही संशय आला होता, काका. सॉरी." आणि वाकून माझ्या पाया पडली, त्या गर्दीत, रस्त्यावर.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिने लावलं होतं. दोन फुटांवरून मी पाहिलं होतं.